साठ्याचा रोजचा अहवाल ‘एलव्हीएस’कडून घ्यावा की ‘एलव्हीडिस्प्ले’चा मजकूर चाळत राहावे?

धागालेखक

लिनक्सवर लॉजिकल व्हॉल्यूमची (डिस्कांच्या एकत्रित जागेतून कापलेल्या आभासी विभागाची) माहिती देणाऱ्या दोन आज्ञा आपण सगळेच वापरतो. ‘एलव्हीडिस्प्ले’ प्रत्येक व्हॉल्यूमसाठी एक परिच्छेद छापते. त्यात नाव, मार्ग, आकार, स्थिती असे सगळे ओळीने येते. ‘एलव्हीएस’ तीच माहिती, आणि तिच्याहून अधिक, प्रत्येक व्हॉल्यूमला एक ओळ अशा तक्त्यात देते. पहिली आज्ञा एचपी-यूएक्स या युनिक्स प्रणालीच्या परंपरेतून आली आणि १९९८ साली हाइन्त्स माउएल्सहागेन यांनी लिनक्ससाठी एलव्हीएम (असे व्हॉल्यूम सांभाळणारी प्रणाली) लिहिले तेव्हापासून सोबत आहे. दुसरी एलव्हीएम२ बरोबर आली. ‘एलव्हीडिस्प्ले’च्या मॅन्युअल पानावरच ‘एलव्हीएस’ हा अधिक पसंतीचा पर्याय असल्याचे नमूद केलेले आहे. तरीही अनेक ठिकाणी रोज सकाळचा साठ्याचा अहवाल आजही ‘एलव्हीडिस्प्ले’च्या परिच्छेदांतून ‘ग्रेप’ आणि ‘ऑक’ या मजकूर गाळणाऱ्या आज्ञांनी आकार वेचून तयार होतो. ही पद्धत बंद करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिले कारण एककांचे आहे. ‘एलव्हीडिस्प्ले’ एका व्हॉल्यूमचा आकार गिबिबाइटमध्ये आणि दुसऱ्याचा टेबिबाइटमध्ये छापते, त्यामुळे फक्त आकडा उचलणारी स्क्रिप्ट बेरीज चुकवते आणि कोणताही दोष दाखवत नाही. अपूर्णविराम लावून माहिती देणारा तिचा ‘-सी’ पर्याय वापरला, तर आकार ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मिळतो. १० गिबिबाइटचा व्हॉल्यूम तेथे २०९७१५२० असा दिसतो आणि तो आकडा किलोबाइट समजून घेणारा माणूस थेट दुप्पट जागा गृहीत धरतो. ‘एलव्हीएस’ला ‘--युनिट्स बी --नोसफिक्स --नोहेडिंग्ज’ असे सांगितले की प्रत्येक आकडा बाइटमध्ये, शीर्षकाविना आणि अक्षराविना येतो. मग आकारापुढे ‘पेक्षा कमी’ असे चिन्ह लागलेला गोलाकार आकडाही आड येत नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. थिन पूलमध्ये (थिन व्हॉल्यूमना लागेल तशी जागा देणाऱ्या सामाईक साठ्यात) डेटा आणि मेटाडेटा (कोणता ब्लॉक कोणाचा याची नोंद) या दोन वेगळ्या जागा असतात आणि त्या वेगवेगळ्या गतीने भरतात. डेटाची जागा संपली, तर नेहमीच्या मांडणीत लेखन ६० सेकंद रांगेत थांबते आणि त्यानंतर त्रुटी येऊ लागतात. तेवढ्या अवधीत पूल वाढवता येतो. मेटाडेटाची जागा संपली, तर पूल केवळ वाचनीय होतो, त्यावर तपासणी आवश्यक असल्याची खूण लागते आणि मग दुरुस्तीखेरीज मार्ग उरत नाही. आकार वेचणाऱ्या अहवालात हा दुसरा आकडा नसतोच. ‘एलव्हीएस’मध्ये ‘डेटा_पर्सेंट’ आणि ‘मेटाडेटा_पर्सेंट’ ही नावे घेऊन तो मागता येतो आणि ज्याने अहवाल वाचायचा त्याला दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

प्रतिसाद १ (विरोधी)

मांडणी नेटकी आहे, पण ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या बाजूने झालेली आहे. रात्रपाळीला जो माणूस बसतो, त्याला व्हॉल्यूमबद्दल चार गोष्टी समजून वरिष्ठांना फोन करायचा असतो. ‘एलव्हीडिस्प्ले’ त्याला “पूलचा वापरलेला डेटा” आणि “वापरलेला मेटाडेटा” अशी पूर्ण शब्दांची लेबले देते. थिन पूलचे दोन्ही टक्के तिच्या परिच्छेदात छापलेले असतात, त्यामुळे ती हा आकडा दाखवत नाही असा ग्रह वाचकांचा होऊ नये.

‘एलव्हीएस’च्या तक्त्यातला गुणधर्मांचा रकाना मात्र दहा अक्षरांचा संकेत आहे. पहिल्या जागी लहान ‘टी’ असेल तर पूल, मोठा ‘व्ही’ असेल तर थिन व्हॉल्यूम, मोठा ‘टी’ असेल तर पूलचा डेटा. नवव्या जागी ‘एफ’, ‘डी’ किंवा ‘एम’ आले तर अनुक्रमे बिघाड, डेटा संपला, मेटाडेटा केवळ वाचनीय. लहान-मोठ्या अक्षराच्या फरकाने अर्थ बदलणारी ही पट्टी रात्री तीन वाजता कोणाकडून अचूक वाचून घ्यायची? माणसाने वाचायच्या अहवालासाठी परिच्छेदच योग्य आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

धागालेखक

आपला लेबलांचा मुद्दा मान्य आहे आणि माझा आक्षेप त्या लेबलांना नाही. समोर बसून एखादा व्हॉल्यूम पाहणाऱ्याने ‘एलव्हीडिस्प्ले’ वापरावी. आक्षेप आहे तो त्याच मजकुरातून यंत्राने आकडे वेचण्याला, कारण तो मजकूर डोळ्यांसाठी रचलेला आहे आणि व्हॉल्यूमच्या प्रकारानुसार त्यातल्या ओळी कमी-जास्त होतात. स्नॅपशॉटच्या (व्हॉल्यूमच्या एका क्षणाच्या प्रतीच्या) परिच्छेदात बदलांच्या तक्त्याच्या आकाराची आणखी एक ओळ येते आणि “आकार” हा शब्द शोधणारी स्क्रिप्ट दोन आकडे उचलते.

दहा अक्षरांची पट्टी वाचण्याची सक्ती मात्र कोणावरच नाही. तिच्यातील बहुतेक प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र नावाचे क्षेत्र उपलब्ध आहे: ‘एलव्ही_हेल्थ_स्टेटस’, ‘एलव्ही_लेआउट’, ‘एलव्ही_रोल’, ‘एलव्ही_व्हेन_फुल’. रात्रपाळीच्या अहवालात गुणधर्मांचा रकाना वगळून ही क्षेत्रे घेतली, तर तेथेही शब्दच दिसतात. उपलब्ध क्षेत्रांची पूर्ण यादी ‘एलव्हीएस -ओ हेल्प’ देते, आणि ती एकदा सबंध वाचून काढावी अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. आपल्याला हवी असलेली माहिती बहुतेक वेळा त्या यादीत आधीच असते.

प्रतिसाद २ (दोघांशीही असहमत)

दर मिनिटाला देखरेख करायची असेल, तर या दोन्ही आज्ञा चुकीच्या आहेत. दोन्ही आज्ञा डिस्कवरची एलव्हीएमची नोंद वाचतात आणि व्हॉल्यूम गटाचे (ज्या डिस्कांच्या संचातून व्हॉल्यूम कापले जातात त्याचे) वाचन-कुलूप घेतात. स्टोरेज नेटवर्कवरून शेकडो लन (नेटवर्कवरून मिळणाऱ्या डिस्क) जोडलेल्या सर्व्हरवर एखादा मार्ग अडकला की ‘एलव्हीएस’ तेथेच थांबते, क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सेवा) पुढच्या मिनिटाला दुसरी ‘एलव्हीएस’ सुरू करते आणि थोड्या वेळात अडकलेल्या प्रक्रियांचा ढीग उभा राहतो. नेमकी अडचणीच्या वेळी देखरेख स्वतःच ओझे होते.

थिन पूलची स्थिती कर्नलला ठाऊक असते. ‘डीएमसेटअप स्टेटस’ ही आज्ञा डिस्क न धुंडाळता तीच सांगते: वापरलेले आणि एकूण मेटाडेटा ब्लॉक, वापरलेले आणि एकूण डेटा ब्लॉक, पूल लिहिण्याजोगा आहे की नाही आणि तपासणीची खूण लागली आहे की नाही. वापरलेला आणि एकूण असे दोन्ही आकडे ब्लॉकमध्येच मिळतात, त्यामुळे टक्केवारी काढणे एका भागाकाराचे काम आहे.

प्रतिसाद ३ (धागालेखकाशी सहमत, एका पुस्तीसह)

मी बॅकअपचे काम पाहतो, म्हणून स्नॅपशॉटबद्दल लिहितो. जुन्या पद्धतीच्या (थिन नसलेल्या) स्नॅपशॉटसाठी राखलेली जागा पूर्ण भरली की तो स्नॅपशॉट अवैध होतो आणि त्यावरून चाललेला बॅकअप वाया जातो. मूळ व्हॉल्यूम सुरक्षित राहतो, त्यामुळे बाहेरून काही बिघडल्याचे जाणवतही नाही. ‘एलव्हीएस’च्या डेटा टक्क्यांच्या रकान्यात ही भरती बॅकअप चालू असतानाच दिसते. आमच्या कामात बॅकअप सुरू होण्यापूर्वी, मध्यावर आणि संपल्यावर हा एकच आकडा नोंदला जातो.

पुस्ती अशी की अहवाल जेसॉनमध्ये (प्रोग्रामला वाचायला सोप्या मजकूर-स्वरूपात) घ्यावा, पण त्रुटींचा प्रवाह त्यात मिसळू नये. क्रॉनमधील पुष्कळ ओळींच्या शेवटी दोन्ही प्रवाह एकत्र करण्याची सवय असते. एखाद्या प्रक्रियेने फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) उघडा ठेवला तर एलव्हीएम त्याची सूचना त्रुटींच्या प्रवाहात छापते, ती जेसॉनच्या डोक्यावर बसते आणि वाचणारा प्रोग्राम सगळाच अहवाल नाकारतो. शिवाय साध्या ‘जेसॉन’ स्वरूपात आकडेसुद्धा अवतरणचिन्हांत येतात. नव्या आवृत्त्यांतील ‘जेसॉन_एसटीडी’ स्वरूप आकडे आकड्यांसारखे देते. जेथे ते उपलब्ध आहे तेथे तेच घ्यावे.

प्रतिसाद १

आपण सगळे पूल आणि स्नॅपशॉटभोवती फिरत आहोत, पण वापरकर्त्याला फाइल लिहिता येईल की नाही हे ‘डीएफ’ (फाइल सिस्टिममधील मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) सांगते. थिन व्हॉल्यूममधून मोठ्या फाइल पुसल्या, तरी मोकळे झालेले ब्लॉक ‘एफएसट्रिम’ने परत दिल्याशिवाय ‘एलव्हीएस’चा टक्का खाली येत नाही. असा आकडा वरिष्ठांसमोर ठेवला, तर ते नव्या डिस्क मागवतील.

धागालेखक

‘डीएफ’ आणि ‘एलव्हीएस’ यांच्यातील हा फरकच अहवालात यायला हवा, कारण ट्रिम चालत नसल्याचे त्यावरूनच कळते. पूल ९० टक्के आणि आतल्या फाइल सिस्टिम निम्म्या रिकाम्या असे चित्र दिसले, तर ते डिस्क मागवण्याचे कारण नसून साप्ताहिक ट्रिमचा टायमर तपासण्याचे कारण आहे. दोन अहवाल जोडताना नावे मात्र सांभाळावी लागतात: गट ‘डेटा-व्हीजी’ आणि व्हॉल्यूम ‘मेल-स्टोअर’ असेल, तर ‘डीएफ’मध्ये प्रत्येक नावातील जोडरेघ दुप्पट होऊन ‘डेटा--व्हीजी-मेल--स्टोअर’ असे दिसते. ‘एलव्ही_डीएम_पाथ’ हे क्षेत्र मागितले की तोच मार्ग तयार मिळतो आणि जोडणी नेमकी होते.

दुसऱ्या प्रतिसादातील अडकण्याचा धोका खरा आहे आणि मिनिटा-मिनिटाच्या देखरेखीसाठी मी ‘डीएमसेटअप’ मान्य करतो. परंतु ‘डीएमसेटअप’ला गटातील शिल्लक जागा ठाऊक नसते. पूल ८५ टक्के भरला आणि गटात भरपूर जागा मोकळी आहे, ही एक परिस्थिती. तोच पूल, तोच टक्का आणि गटात एकही एक्स्टेंट (जागावाटपाचा लहानात लहान तुकडा) शिल्लक नाही, ही पूर्णपणे वेगळी. ‘एलव्हीएस’च्या त्याच ओळीत ‘व्हीजी_फ्री’ मागता येते. अनेक लनच्या सर्व्हरवर शोधाचे ओझे कमी करायचे, तर कोणती उपकरणे पाहायची याची यादी ठरवून देणारी एलव्हीएमची उपकरण-फाइल वापरावी. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये ती मुळातच चालू असते.

प्रतिसाद २

दिवसातून एकदाचा नियोजनाचा अहवाल ‘एलव्हीएस’ने काढण्यास माझा विरोध नाही, मात्र त्या आज्ञेला ‘टाइमआउट’ची मर्यादा घालावी. शिवाय ‘-एस’ पर्यायाने ८० टक्क्यांवरचेच पूल निवडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की एकही ओळ जुळली नाही तरी आज्ञा यशस्वी म्हणूनच संपते, त्यामुळे परतीच्या संकेतावर इशारा बेतला तर तो कधीच योग्य वाजणार नाही. आपोआप विस्ताराची मर्यादाही (किती टक्के भरल्यावर पूल वाढवायचा ती) एकदा उघडून पाहावी: एलव्हीएमच्या मूळ मांडणीत थिन पूलसाठी ती १०० असते, आणि १०० चा अर्थ विस्तार बंद असा आहे.