मदत हवी आहे : डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीचं हेड गॅस्केट गेलं, डीलर हात वर करतोय

हडपसरकर

नमस्कार. पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून २०१६ची पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे. किंमत ४ लाख ३५ हजार. त्यातले ४ लाख डीलरच्या फर्मच्या खात्यात एनईएफटीने, उरलेले रोख. मीटरवर ५८ हजार किमी. ताबा घेऊन अजून महिना झालेला नाही.

लक्षणं : कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी दर दोन-तीन दिवसांनी खाली जाते, पण बाहेर थेंबभरही गळती दिसत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. कात्रजचा घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेला टेकतो. कूलंटच्या टाकीच्या तळाशी तपकिरी गाळ आहे, त्यात चमकणारे बारीक कण. गॅरेजवाल्याच्या मते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलंय. खर्च ३८ हजार, हेड वाकलेलं निघालं तर वाढेल.

डीलरने ताबा देताना 'गाडी आहे त्या स्थितीत, पाहून-चालवून घेतली, नंतर तक्रार चालणार नाही' अशा छापील कागदावर सही घेतली. पण त्याच्याच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये 'इंजिन एकदम ओके, एक रुपयाचं काम नाही' असं लिहिलेलं आहे.

प्रश्न तीन. सही केल्यामुळे हक्क संपला का? जुन्या गाडीसाठी ग्राहक आयोगात जाता येतं का? आणि गॅरेजवाला उद्याच काम सुरू करतो म्हणतोय, तर दुरुस्ती करून पैसे नंतर मागता येतील का?

सातारी मेकॅनिक

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण घाई त्याचीच आहे. उद्या हेड उतरवू देऊ नका. हेड खोलून फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) गेलं आणि जुनं गॅस्केट भंगारात पडलं, की बिघाड विक्रीच्या आधीचा होता हे दाखवायला हातात काही उरत नाही. 'तुम्हीच पाण्याविना गाडी पळवलीत' असं डीलर म्हणेल आणि त्याला खोटं पाडता येणार नाही.

गाडी चालवूही नका. ॲल्युमिनियमचं हेड एकदा जास्त तापलं की वाकतं, आणि इथून पुढे वाढलेलं नुकसान तुमच्याच माथी येईल. हलवायची तर फ्लॅटबेड टोइंगवर.

इंजिन न खोलता करायच्या तपासण्या सांगतो. यातली प्रत्येक सलग व्हिडिओत घ्या. सुरुवातीला नंबरप्लेट, मग चासी नंबर, मग मीटर.

पहिली, कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू येतोय का ते पाहणं. निळं रसायन भरलेली काचेची नळी टाकीच्या तोंडावर घट्ट बसवतात आणि वरच्या रबरी गोळ्याने टाकीतली हवा त्यातून ओढतात. इंजिन चालू हवं. पेट्रोल गाडीत रंग निळ्याचा पिवळा झाला तर वायू येतोय हे नक्की. त्याआधी टाकीतलं कूलंट थोडं कमी करून घ्या. कूलंटच नळीत ओढलं गेलं तर तपासणी फुकट जाते.

दुसरी, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब. सगळे प्लग काढून, इंधन बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १९० पीएसआय मिळतो. तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलात असतो. त्याहून महत्त्वाचा आहे सिलिंडरांमधला फरक. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलंय. मात्र आकडे चांगले आले म्हणून निश्चिंत होऊ नका. फट फक्त पाण्याच्या मार्गाकडे असेल तर कॉम्प्रेशन बऱ्याचदा ठीक दिसतं. अशा वेळी कूलिंग सिस्टिमला हातपंपाने कॅपवर छापलेल्या दाबाइतकी हवा देऊन ठेवतात, काटा उतरतो का बघतात आणि प्लगच्या भोकातून कॅमेरा घालतात. ज्या सिलिंडरात पाणी शिरतं त्याचा पिस्टन धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, बाकीचे काळे.

आता तो गाळ. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा तोच आहे. निव्वळ गंज असेल तर चमक नसते. ऑइल मिसळलं असेल तर दुधाळ साय दिसते. चमकणारे धातूचे कण बहुतेक वेळा गळती बुजवायच्या पावडरीचे असतात. ती कोणी उगाच टाकत नाही; पाणी जातंय हे माहीत असलेलाच टाकतो. सिस्टिम फ्लश करायच्या आधी गाळासकट कूलंट दोन स्वच्छ काचेच्या बाटल्यांत भरा, सील करा, वर तारीख, मीटरचा आकडा आणि गॅरेजवाल्याची सही घ्या.

शेवटचं, स्कॅनर. बिघाडाचे कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे बऱ्याच गाड्यांचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सांगतो. तो आकडा तुम्ही चालवलेल्या अंतराच्या आसपास निघाला तर ताबा देण्याच्या सुमारास कोणीतरी कोड पुसले आहेत. फोटो काढा. तोवर बॅटरी सोडवू नका, कोड पुसू देऊ नका. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर ही नोंद शून्य होते.

वकील, नाशिक

वरचा सल्ला तंतोतंत पाळा. आता कायद्याची बाजू.

जुनी गाडी म्हणून ग्राहकाचा हक्क कमी होत नाही. गाड्या विकणं हा ज्याचा धंदा आहे त्याच्याकडून स्वतःच्या वापरासाठी मोबदला देऊन गाडी घेतली, की तुम्ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ग्राहक ठरता. पण दहा वर्षं जुन्या गाडीत क्लचप्लेट, ब्रेकपॅड, बुश झिजलेले असणारच. त्यासाठी आयोग पैसे देववत नाही. तुमचं प्रकरण टिकतं ते वेगळ्या मुद्द्यावर : दोष विक्रीच्या वेळी होता, साध्या पाहणीत दिसणारा नव्हता आणि तो झाकला गेला.

'आहे त्या स्थितीत'च्या कागदाला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. मालविक्री कायदा १९३०च्या कलम १६ प्रमाणे व्यापाऱ्याने विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा अशी गर्भित अट असते, पण कलम ६२ खाली उभय पक्ष स्पष्ट कराराने ती वगळू शकतात. फसवणुकीला मात्र असं संरक्षण नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १७ नुसार निव्वळ गप्प बसणं सहसा फसवणूक ठरत नाही. माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणं मात्र ठरतं. पावडर टाकून गळती बुजवणं आणि 'एक रुपयाचं काम नाही' असं लिहून देणं, या दोन्ही गोष्टी गप्प बसण्याच्या पलीकडच्या आहेत. पावडर डीलरनेच टाकली हे थेट सिद्ध झालं नाही, तरी त्याचा तो मेसेज उरतोच.

दुसरं, ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घेऊन पैसे परत करायला, बिलात दिलेल्या मुदतीत आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं हीही त्यातच येते. म्हणून तुमची लेखी मागणी महिना उलटायच्या आत गेली पाहिजे. आज व्हॉट्सॲप आणि ईमेल, उद्या स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस. आयोगात जायला नोटीस सक्तीची नाही, पण तारीख पक्की होते.

नोटिशीत विशेषणं नकोत. चासी नंबर, ताब्याची तारीख, तेव्हाचं आणि आताचं मीटर, लक्षणं, तपासणीचे आकडे, डीलरचा मेसेज शब्दशः, आणि मागणी : गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये डीलरच्या खर्चाने दुरुस्ती. मुदत पंधरा दिवस.

गाडी परत करायची असेल तर वापर थांबवणं फार महत्त्वाचं. माल स्वीकारून वाजवी मुदतीपलीकडे वापरत राहिलात, तर बहुधा परतीचा हक्क जाऊन फक्त नुकसानभरपाईचा उरतो.

हडपसरकर

दोघांचेही मनापासून आभार. गाडी उभी केली आहे. डीलरला फोन केला तर तो आता म्हणतो, 'मी फक्त मध्यस्थ, गाडी मूळ मालकाने विकली, फॉर्म २९ वर त्याचीच सही आहे.' पक्कं बिल दिलेलं नाही, डिलिव्हरी नोट आहे. आणि त्याच्या गॅरेजमध्ये करणार असाल तर निम्मा खर्च देतो म्हणाला.

वकील, नाशिक

फॉर्म २९ आणि ३० आरटीओत मालकी बदलाच्या नोंदीसाठी असतात. सौदा कोणाशी झाला हे पैसे कुठे गेले, जाहिरात कोणाची, डिलिव्हरी नोट कोणाच्या लेटरहेडवर यावरून ठरतं. ४ लाख त्याच्या फर्मच्या खात्यात गेले आहेत, हे तुमचं बळ. उरलेल्या रोख रकमेचा उल्लेख डिलिव्हरी नोटवर आहे का ते पाहा. बिल न देणं हीसुद्धा कलम २(४७) मधलीच अनुचित प्रथा आहे, नोटिशीत घाला.

आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोंदणीकृत, म्हणजे जुन्या, गाड्यांच्या डीलरना परिवहन खात्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये द्यायची असते. डीलरकडे त्या अधिकारपत्राची आणि सूचनेची प्रत लेखी मागा. दिली तर 'मी मध्यस्थ' हा बचाव कोसळतो, नाही दिली तर ते आयोगासमोर मांडा. सावधगिरी म्हणून मूळ मालकालाही पक्षकार करता येतं.

तक्रार पुणे जिल्हा आयोगात. तुम्ही राहता किंवा काम करता तिथेही दाखल करता येते, त्यामुळे बाहेरगावच्या डीलरसाठीही हेलपाटे नकोत. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या किमतीवर ठरते, ५० लाखांपर्यंत. ५ लाखांपर्यंत फी शून्य. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. व्हॉट्सॲपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा आणि मूळ फोन फॉरमॅट करू नका. तक्रारीआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. छोटे डीलर कधी कधी तेवढ्यानेच बोलायला येतात.

पनवेल ७७

याच धाग्यात विचारतो. गाडी डीलरऐवजी थेट मालकाकडून घेतली असती तर?

वकील, नाशिक

मग ग्राहक आयोग नाही, कारण स्वतःची गाडी एकदा विकणारा माणूस व्यापारी नव्हे. करार कायद्याखाली दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं, आणि फसवणूक असेल तर ती कळल्यापासून मोजायची. रक्कम लहान असेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व समेटाचा अर्ज करा, त्याला फी नाही.

सातारी मेकॅनिक

निम्म्या खर्चाच्या प्रस्तावाबद्दल. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी पाठवू नका. फक्त गॅस्केट बदलून, फेसिंग न करता, जुनेच हेडबोल्ट लावून गाडी परत येईल आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. नीट काम म्हणजे हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक मोजणं, मर्यादेबाहेर असेल तर फेसिंग, हेडची प्रेशर टेस्ट, नवीन गॅस्केट सेट, कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट असतील तर नवीन बोल्ट, थर्मोस्टॅट, पूर्ण फ्लश आणि कंपनीचं कूलंट. पावडर रेडिएटर आणि हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसते, म्हणून तेही तपासा. तडजोड करायचीच तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, त्याने पैसे थेट तिथे भरायचे आणि ही यादी लेखी तडजोडीत घालायची.

सर्व्हिस सेंटरमधून चासी नंबरवर जुनी जॉबकार्डं (आधीच्या कामांच्या नोंदी) मागा. कूलंट टॉपअप किंवा ओव्हरहीटिंगची नोंद निघाली तर उत्तम, आणि ५८ हजार खरे आहेत का तेही कळेल.

वकील, नाशिक

नोटिशीची मुदत संपूनही तो हलला नाही आणि गाडीची गरज असेल, तर दुरुस्ती करता येईल, पण क्रम असा ठेवा. हेड कोणत्या दिवशी, कुठे, किती वाजता उघडणार हे डीलरला किमान सात दिवस आधी लेखी कळवा आणि हजर राहायला सांगा. त्या दिवशी परवानाधारक मोटार सर्व्हेअरला बोलवा. हेड उतरताना व्हिडिओ, वाकाचा मोजलेला आकडा सर्व्हेअरच्या अहवालात, अहवालासोबत त्याचं प्रतिज्ञापत्र. जुनं गॅस्केट, बोल्ट आणि सील केलेल्या बाटल्या निकाल लागेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या, कारण ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. बिल पार्टनिहाय घ्या, गॅरेजच्या जीएसटी क्रमांकासह, आणि टोइंगचं वेगळं.