पैठण: पांढरीवर बांधकामाआधी चाचणी चर किती आणि किती खोल घ्यावेत?

गोदाकाठ:
जुन्या गावाला लागून २ एकरांचा प्लॉट आहे, तीन मजली इमारती होणार आहेत. वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली पांढरी (जुन्या वस्तीची राखट माती). माती तपासणीच्या खड्ड्यात खापरं निघाली. पाया २.५ मीटर जाईल. खाली जुने अवशेष आहेत का ते बघायला चर किती घ्यावेत? जेसीबी चालेल का?

ओळंबा:
आधी कागद बघा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, पुढचे २०० मीटर नियंत्रित. उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा लागतो, त्यामुळे स्वतःच चर पाडायला घेऊ नका. राज्य पुरातत्त्व विभागाला पत्र द्या.

परवाना मिळाल्यावरचा हिशेब: २ एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर. ३ टक्के जागा उघडायची तर २० बाय २ मीटरचे ६ चर होतात. तीन उभे, तीन आडवे घ्या. सगळे एकाच दिशेला घेतले तर त्यांना समांतर गेलेली भिंत मधल्या जागेत राहून जाते.

काळी_पांढरी:
जेसीबी चालेल, पण बकेटच्या दातांवर सपाट पातं वेल्ड करून घ्या. दात थरांच्या रेघा फाडतात. एका वेळी १० सेंमीच काढा आणि मशीन मागं सरकत जाऊ द्या, उघडलेल्या जागेवर चाक नको. राख, चोपलेली जमीन किंवा विटांची ओळ दिसली की मशीन बंद, खुरपी हातात.

दादा, काळ्या मातीत फार जपून. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. वरचा मणी, बांगडीचा तुकडा थेट खाली जातो, पावसात भेग मिटते आणि कालची वस्तू जुन्या थरातली वाटते. वस्तूभोवती काळ्या मातीची उभी पट्टी आहे का, ते आधी तपासा. चराची कड खुरपीनं तासून पाणी फवारा, थरांचे रंग उठतात.

प्रत्येक भिंत भिंतीसारखी दिसेलच असं नाही. जुन्या विटा लोकांनी उपसून नेलेल्या असतात. मागं राहतो सरळ कडांचा पट्टा, आत सैल माती आणि विटांचा चुरा. सातवाहनकालीन विटा दीड फुटाच्या आसपास लांब असतात, तुकड्याच्या जाडीवरूनही अंदाज येतो. घरं लिंपायला पांढरी नेल्याचे खड्डेही भेटतील, त्यांत सगळे काळ मिसळलेले असतात.

गोदाकाठ:
पूर्ण चर मूळ मातीपर्यंत, म्हणजे वस्तीच्या खालच्या नैसर्गिक थरापर्यंत न्यायचा?

काळी_पांढरी:
नाही. एका टोकाला २ बाय २ मीटरचा खड्डा तेवढा न्या. पिवळा, निव्वळ गाळ लागला म्हणून थांबू नका. तो गोदावरीच्या पुराचा असू शकतो आणि त्याखाली पुन्हा वस्ती निघू शकते. १.२ मीटरच्या खाली कडा पायऱ्यांनी कापा, ओली काळी माती न सांगता ढासळते. म्हणून रुंदी आधीच वाढवून धरा. उपसा कडेपासून मीटरभर लांब टाका, ५ मिमीच्या चाळणीतून काढा. शिशाची नाणी मातीच्या ढेकळासारखी दिसतात, चाळणीशिवाय हाती लागत नाहीत.

ओळंबा:
चर बुजवताना ३० सेंमीचे थर ठोकत या आणि जागा नकाशावर दाखवा. भरावावर कॉलमचा फुटिंग (खांबाचा पाया) आला तर तो खचेल. नाणी किंवा दागिने निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. मुकादमाला हे खोदाईच्या आधीच सांगून ठेवा.