मदत हवी आहे: आय५ १२४०० की रायझन ५ ५६००जी? (जुनी डीडीआर४ रॅमच वापरायची आहे)

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप बदलायचा आहे आणि गाडी या दोन प्रोसेसरवर (आय५ इंटेलचा, रायझन एएमडीचा) येऊन अडली आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सध्या आय५ ७४०० आहे, २०१७ साली असेंबल करून घेतलेला. ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम (२४०० वेगाच्या), ५०० जीबी एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). तसं काही बिघडलेलं नाही. पण सातव्या पिढीच्या इंटेलवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बायको याच मशीनवर लोकांचे जीएसटी रिटर्न भरते. अपडेट न येणारं विंडोज तिला नको आहे, आणि तिचं बरोबरच आहे.

वापर असा: दिवसभर टॅली, एक्सेल, बँकांच्या साइट आणि क्रोममध्ये मोजता येणार नाहीत इतके टॅब. रविवारी माझं ट्रेकच्या व्हिडिओंचं एडिटिंग (फोनवर ४के, एच२६५ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शूट केलेले). आणि पुतण्या ऐरोलीला आमच्याकडेच राहून इंजिनिअरिंग करतोय, त्याला रात्री व्हॅलोरंट खेळायचं असतं. ग्राफिक्स कार्ड इतक्यात घेणार नाही.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे काही चढलेत की डीडीआर५ चा विषय घरात बंद झालाय. तेव्हा "थोडे पैसे टाकून सरळ रायझन ७६०० घ्या" हे कृपया नको (त्याला डीडीआर५च लागते), ते आम्ही एकमेकांना सांगून झालंय.

वाशीला सेक्टर १७ मध्ये चौकशी केली. एक जण १२४००एफ गळ्यात मारत होता, "तोच आहे साहेब, फक्त स्वस्त." दुसरा म्हणाला, एएमडी तापतो. ठाण्याला स्टेशनजवळ तिसऱ्याने सांगितलं, इंटेलचे प्रोसेसर जळतायत, हात लावू नका. कागदावर बघावं तर दोन्ही ६ कोर १२ थ्रेडचे, दोन्ही ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे, दोन्हींवर ६५ वॅट लिहिलेलं. मग फरक नेमका कुठे पडतो? बोर्ड धरून दोन्हींच्या भावात दीड-दोन हजारांचं अंतर आहे, रायझन स्वस्त पडतोय.

आगाऊ धन्यवाद.

नौपाडाकर

आधी एफचं बघा. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद केलेला प्रोसेसर. तुम्ही कार्ड घेणार नाही, म्हणजे मॉनिटर काळाच राहणार. मग त्याच दुकानात ग्राफिक्स कार्ड घ्यायला परत जायचं. धंदा चोख आहे.

जळण्याची भानगड तेराव्या-चौदाव्या पिढीतली. व्होल्टेजमुळे ते प्रोसेसर अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य करून मायक्रोकोड अपडेट (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती) दिलं, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. १२४०० बाराव्या पिढीचा, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

आणि एएमडी तापतो हे फार जुनं गाऱ्हाणं. ६५ वॅटचा आकडा दोन्हीकडे असला तरी १२४०० ला इंटेलने जोर लावताना ११७ वॅटपर्यंत मुभा दिली आहे, ५६००जी ८८ वर थांबतो. टॅलीत दोघेही थंडच बसतील म्हणा.

सुरमईफ्राय

थोडे पैसे टाकून सरळ ७६०० घ्या.

(पळतोय. हलके घ्या.)

चिमटा

खाडीपल्याड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रोसेसरपेक्षा तुमच्या रॅममध्ये आहे.

५६००जीचं सगळं कौतुक त्याच्या आतल्या व्हेगा ग्राफिक्सचं. कार्ड नसताना गेम खेळायचे तर तो १२४०० च्या आतल्या यूएचडी ७३० ग्राफिक्सच्या जवळपास दुप्पट पळतो, यात वाद नाही. पण या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्याच रॅममधून घास काढून घेतं. ड्युअल चॅनेलला (दोन रॅम जोडीने लावल्यावर) ३२०० ची रॅम सेकंदाला ५१.२ जीबी देते, तुमची २४०० वाली ३८.४. पाऊण वाटाच. यूट्यूबवर जे आकडे बघून पुतण्या खूश झाला असेल ते ३२०० किंवा त्याहून वेगवान रॅमवरचे असतात. रायझनमध्ये आतला फॅब्रिकही (कोर आणि मेमरी जोडणारा दुवा) रॅमच्याच वेगाने चालतो, म्हणजे हळू रॅमचा फटका बाकी कामांनाही बसतो. शिवाय जी मॉडेलमध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी) १६ एमबीच आहे. साध्या ५६०० ला ३२ मिळते, पण त्याला ग्राफिक्सच नाही.

१२४०० सुद्धा २४०० च्या रॅमवर थोडा मागे पडेल, पण त्याचं मुख्य बळ कोरमध्ये आहे. सिंगल कोरला तो ५६००जीच्या साधारण दहा टक्के पुढे असतो आणि टॅली, एक्सेल बहुतेक वेळा एकाच कोरला राबवतात.

आता व्हिडिओ. यूएचडी ७३० गेमसाठी लंगडं असलं तरी त्यातलं क्विक सिंक (व्हिडिओसाठीचं इंटेलचं खास इंजिन) एच२६५ च्या फाइली हार्डवेअरवर उलगडतं. प्रीमियरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन मागेपुढे ओढताना फरक लगेच हाताला जाणवतो. रायझनलाही एच२६५ हार्डवेअरवर उलगडता येतं, पण तुमचा फोन १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार) देत असेल तर तिथे तो हात टेकतो, बारावी पिढी टेकत नाही. एडिटिंग रोजचं असतं तर १२५०० बघा म्हटलं असतं. त्यात यूएचडी ७७० असतं आणि व्हिडिओची दोन इंजिनं, १२४०० मध्ये एकच. रविवारपुरतं एक पुरे.

आणखी एक. उद्या कार्ड टाकायचं ठरलं तर ५६००जी पीसीआयई ३.० वरच (कार्ड जोडायच्या मार्गाची जुनी, हळू पिढी) अडतो. आरएक्स ६५००एक्सटीसारखी स्वस्त कार्डं चारच लेन वापरतात, त्यांना हे चांगलंच बोचतं.

माझं मत १२४००. दीड-दोन हजार तुमच्या वापरात वसूल होतात. रॅम नवीन ३२०० ची घेणार असतात आणि घरात फक्त पुतण्या असता, तर उलट सांगितलं असतं.

नौपाडाकर

चिमटा यांना +१.

खाडीपल्याड

चिमटा, बहोत धन्यवाद, रॅमचं डोक्यातच आलं नव्हतं. हा प्रतिसाद पुतण्याला वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, "काका, म्हणजे मी खेळायचंच नाही का?" तेवढं सांगा. आणि बोर्ड कुठला?

चिमटा

खेळेल हो. व्हॅलोरंट हलका गेम आहे. १०८०पीला सेटिंग खाली ठेवून साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर अडचण येऊ नये. नवे जड गेम मात्र विसरा. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही सेटिंग चालू लागतात, नाहीतर सुरूच होत नाही. इंटेलच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम शोधू नका, ते पीटीटी नावाने असतं.

बोर्ड एच६१०चा चालेल, तुमच्याकडे दोनच रॅम आहेत आणि त्यावर स्लॉटही दोनच असतात. थोडं ताणता आलं तर बी६६०. फक्त एकाच मॉडेलचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन अवतार मिळतात, नावाच्या शेवटी बऱ्याचदा डी४ असतं. खोक्यावर स्वतः वाचून घ्या. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.

नौपाडाकर

प्रोसेसर बॉक्स पीसच मागा. ट्रे पीस (खोक्याविना सुटा) पाचशे-हजार स्वस्त सांगतील, पण कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी बॉक्सलाच आणि कूलरही त्यातच येतो. जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या (हे तुमच्या घरी सांगायला नकोच). लॅमिंग्टन रोडला भाव थोडा कमी मिळेल, पण ऐरोलीहून ठाणे, मग दादरला बदलून ग्रँट रोड, एवढ्या उठाठेवीचं वाशीत घासाघीस करून बघा.

एसएमपीएस नऊ वर्षांचा होत आला असेल. जमलं तर तोही बदला.

हिशोबनीस

प्रोसेसरमधलं मला कळत नाही, पण टॅलीचं सांगते. लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. जुना बोर्ड काढण्याआधी टॅली उघडून लायसन्स सरेंडर करा, नवीन मशीनवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. डेटा फोल्डरचा बॅकअप पेनड्राइव्हवर वेगळा घ्या. आणि हे सगळं २० तारखेनंतर, ३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरून झाल्यावर.

खाडीपल्याड

हिशोबनीस ताई, तुमचा प्रतिसाद घरात सर्वानुमते मंजूर झालाय. १२४०० बॉक्स पीस आणि बी६६० डी४ ठरलं. २० नंतर वाशीला जातो, हातात पडलेला भाव इथेच टाकतो.