मदत हवी आहे: शुद्धीकरण केंद्रात आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणारे पाणी जास्त दिसते

इन्स्ट्रुमेंट_विदर्भ
नमस्कार. मी एका नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रात वरिष्ठ इन्स्ट्रुमेंटेशन तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे आवक मीटर साधारण १४५० घनमीटर प्रति तास दाखवतो आणि शुद्ध पाण्याचा जावक मीटर १५६० दाखवतो. केंद्रात पाणी तयार होत नाही, हे मलाही कळते. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या संस्थेकडून पाण्याचे लेखापरीक्षण आहे. उपअभियंता साहेबांचे म्हणणे असे की पीएलसीमध्ये (मीटरचे आकडे घेणाऱ्या नियंत्रक संगणकात) आवकीला १.१० ने गुणावे आणि विषय संपवावा. मला तसे करायचे नाही, परंतु दोष कोठे आहे हे दाखवल्याशिवाय मी नाही म्हणू शकत नाही. दोन्ही मीटरची केबल, अर्थिंग आणि पुरवठा तपासून झाला आहे. कोणाला असा अनुभव असल्यास कृपया लवकर सांगावे.

चार_ते_वीस
दोन्ही मीटर कोणत्या प्रकारचे आहेत, पाईपचा व्यास किती, मीटरच्या आधी सरळ पाईप किती लांब आहे आणि आपण सांगितलेले आकडे मीटरच्या डोळ्यावरचे (त्याच्या स्वतःच्या पडद्यावरचे) आहेत की स्काडाच्या, म्हणजे नियंत्रण कक्षातील संगणकाच्या, पडद्यावरचे, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. ट्रान्समीटरचा (मीटरचा आकडा करंटच्या रूपात पाठवणाऱ्या भागाचा) स्पॅन, म्हणजे मोजमापाची कक्षा, ० ते २००० असेल आणि पीएलसीत कोणी ० ते २२०० भरून ठेवला असेल, तर बरोबर १० टक्के जास्त दिसेल. सर्वप्रथम जावकीच्या लूपमध्ये (मीटरपासून पीएलसीपर्यंतच्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या तारेत) मिलिअँपिअर मीटर लावून प्रत्यक्ष किती करंट येतो ते सांगा.

इन्स्ट्रुमेंट_विदर्भ
जावक मीटर विद्युतचुंबकीय आहे, व्यास ६०० मिलिमीटर, स्पॅन ० ते २०००. लूपमध्ये १६.४८ मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे १५६०. डोळ्यावर आणि स्काडावर दोन-तीन घनमीटरपेक्षा जास्त फरक नाही. आधी सरळ पाईप व्यासाच्या सहापट आहे. तिकडे शंका घ्यायला जागा नाही.

निवृत्त_उपअभियंता
शंका घ्यायला जागा नेहमी असते. विद्युतचुंबकीय मीटर पाईप पूर्ण भरलेला आहे असे गृहीत धरून वेगावरून प्रवाह काढतो. संपची (शुद्ध पाण्याच्या टाकीची) पातळी खाली गेल्यावर पंप हवा ओढत असतील, तर हवेचे बुडबुडेही पाणी म्हणूनच मोजले जातात आणि आकडा वर जातो. क्लोरीनचे इंजेक्शन मीटरच्या अगदी आधी असेल, तर पाण्याची विद्युतवाहकता एकसारखी राहत नाही आणि आकडा नाचतो. माझा सल्ला असा की मीटर काढून खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस या केंद्रीय जल संशोधन केंद्रात किंवा केरळमधील पालक्काडच्या एफसीआरआय या प्रवाहमापन संशोधन संस्थेत प्रत्यक्ष पाण्यावर कॅलिब्रेट करून घ्यावा. त्यांच्या प्रमाणपत्रावर लेखापरीक्षक वाद घालत नाहीत.

चार_ते_वीस
साहेब, ६०० मिलिमीटरचा मीटर पालक्काडला पाठवायचा तर शहराने तोपर्यंत काय प्यायचे? लेखापरीक्षण पुढच्या आठवड्यात आहे. तेथे बायपास आहे की नाही, हेही अजून आपल्याला माहीत नाही.

सोसायटी_सचिव
आमच्या सोसायटीतही असेच होते. नळाला पाणी येण्याआधी हवा येते आणि मीटर गरागरा फिरतो. आम्ही मीटरच्या आधी एअर व्हॉल्व्ह बसवला आणि बिल कमी झाले. आपणही एअर व्हॉल्व्ह बसवून पाहावा.

क्लॅम्प_ऑन
एवढी चर्चा कशाला? पाईपवर बाहेरून बांधायचे अल्ट्रासॉनिक मीटर भाड्याने मिळते. ते दोन्ही पाईपवर लावा, दहा मिनिटांत खरेखोटे कळेल. मी गेली अनेक वर्षे हेच करतो आणि प्रत्येक ठिकाणी कायमचा बसवलेला मीटरच चुकीचा निघाला आहे.

चार_ते_वीस
प्रत्येक ठिकाणी? बाहेरून बांधायच्या मीटरला पाईपच्या भिंतीची जाडी आणि आतल्या सिमेंट अस्तराची जाडी अचूक द्यावी लागते. जुन्या पाईपमध्ये हे दोन्ही आकडे अंदाजानेच भरले जातात. ६०० च्या पाईपमध्ये आतल्या व्यासाचा अंदाज १ टक्क्याने चुकला, तर क्षेत्रफळ २ टक्क्यांनी चुकते. त्या मीटरला अंतिम न्यायाधीश करू नये.

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. आवक मीटर कोणता आहे?

इन्स्ट्रुमेंट_विदर्भ
आवकीला पार्शल फ्लूम (मध्येच अरुंद केलेली उघडी नाली) आहे, सगळीकडे असतो तसाच. थ्रोट, म्हणजे सर्वांत अरुंद भाग, २ फुटांचा. वर अल्ट्रासॉनिक लेव्हल सेन्सर. एअर व्हॉल्व्हचा येथे संबंध नाही. क्लोरीन संपमध्ये सोडतो. पंप हवा ओढत नाहीत, संपची पातळी दिवसभर जवळपास स्थिर असते.

चार_ते_वीस
हे पहिल्याच संदेशात लिहिले असते, तर वरची निम्मी चर्चा झालीच नसती. पार्शल फ्लूम हा मीटर पाण्याचा प्रवाह मोजत नाही, पाण्याची उंची मोजतो आणि सूत्राने प्रवाह काढतो. २ फुटांच्या थ्रोटला प्रवाह हा उंचीच्या १.५५ व्या घातात बदलतो, त्यामुळे उंचीतील प्रत्येक टक्क्याची चूक प्रवाहात दीड टक्क्याहून अधिक होऊन येते. आपला १४५० चा प्रवाह म्हणजे सुमारे ४४ सेंटिमीटर उंची. तेथे १ सेंटिमीटर चुकला की प्रवाह साडेतीन टक्क्यांनी चुकतो. शिवाय खरा फरक आपण समजता त्यापेक्षा मोठा आहे, कारण फिल्टर धुण्याचे आणि क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवण्याच्या टाकीतून) गाळाबरोबर जाणारे पाणी धरले, तर आवक ही जावकीपेक्षा दोन-तीन टक्के जास्तच असायला हवी. म्हणजे आपण सुमारे दीडशे घनमीटरचा, उंचीच्या भाषेत जेमतेम ३ सेंटिमीटरचा दोष शोधत आहोत.

मला तीन गोष्टी सांगा. पहाटे चार वाजता दोन्ही आकडे काय असतात? सेन्सरचा तळ फ्लूमच्या जमिनीपासून किती उंचीवर आहे? अलीकडे फ्लूमवर कोणते काम झाले आहे का?

निवृत्त_उपअभियंता
फ्लूम असेल तर माझे उत्तर बदलते. फ्लूमच्या पुढचे गेट अर्धवट बंद असेल आणि पाणी मागे तुंबत असेल, तर फ्लूम बुडतो. १ ते ८ फुटांच्या थ्रोटला पुढच्या आणि मागच्या उंचीचे प्रमाण ०.७ च्या वर गेले की साधे सूत्र लागू राहत नाही. आमच्या काळात आम्ही दोन्ही बाजूंना मोजपट्ट्या रंगवून घेत असू आणि ऑपरेटरला दर तासाला दोन्ही आकडे वहीत लिहायला लावत असू. आता सगळे पडद्यावर दिसते, त्यामुळे फ्लूमपर्यंत कोणी चालत जात नाही.

चार_ते_वीस
मोजपट्टीबद्दल पूर्ण सहमत. परंतु फ्लूम बुडाला तर मागची पातळी चढते आणि आवक खऱ्यापेक्षा जास्त दिसते. येथे ती कमी दिसत आहे. दोषाची दिशा उलटी आहे.

निवृत्त_उपअभियंता
दिशेचा मुद्दा मान्य आहे. तरीही गेट पाहून घ्यावे.

इन्स्ट्रुमेंट_विदर्भ
पहाटे चारला आवक १५५०, जावक १५५८. दुपारी दोनला आवक १४५०, जावक १५६०. कच्च्या पाण्याचे पंप तेच आणि तेवढेच चालू असतात, त्यांत बदल नाही. सेन्सरचा तळ १.३ मीटरवर आहे. दिवसाचा एकूण आकडा आवकीचा ३६ एमएलडी (दशलक्ष लिटर प्रतिदिन) आणि जावकीचा ३७.४ येतो. काम म्हणाल तर एप्रिलमध्ये फ्लूमवरील जाळी आणि रेलिंग बदलले. ते स्थापत्य विभागाचे काम होते.

मस्कतवासी
मी ओमानमधील समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या एका प्रकल्पात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे, मूळचा सांगलीचा. आपला दुपारचा आकडा वाचून मला लगेच सेन्सरवरील सावलीची आठवण झाली. रेलिंग बदलताना सेन्सरवरचे पत्र्याचे छप्पर काढले गेले का, ते पाहावे. आमच्याकडे उघड्यावरच्या कोणत्याही अल्ट्रासॉनिक सेन्सरला सनशेड असल्याशिवाय तो स्वीकारलाच जात नाही.

कारण असे आहे. सेन्सर ध्वनीला जाऊन परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढतो आणि हवेतील ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो: ०° सेल्सिअसला सुमारे ३३१ मीटर प्रति सेकंद आणि पुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.६ मीटर. हा बदल भरून काढण्यासाठी सेन्सरच्या आतच तापमान मोजले जाते. काळ्या आवरणाचा सेन्सर मे महिन्याच्या उन्हात तापला, तर त्याच्या आत ४८ अंश असतात, परंतु खाली पाण्याला लागून असलेली हवा ३४ अंशांची असू शकते. सेन्सर समजतो की सगळीच हवा ४८ अंशांची आहे, म्हणून तो ध्वनीचा वेग जास्त धरतो, अंतर जास्त काढतो आणि पाण्याची पातळी खरी असते त्यापेक्षा खाली दाखवतो. आपल्याकडे पाण्यापर्यंतचे अंतर सुमारे ८४ सेंटिमीटर आहे. चौदा अंशांच्या फरकाने त्यात जवळपास २ सेंटिमीटरची चूक होते, आणि पहाटे व दुपारी दिसणाऱ्या आपल्या आकड्यांतील फरकही तेवढाच आहे.

चार_ते_वीस
उत्तम. म्हणजे दुपारचा हिशेब लागला. पहाटेचा अजून लागलेला नाही, कारण १५५८ जावकीला आवक सुमारे १६०० हवी. तेथे अजून १ सेंटिमीटर शिल्लक आहे. रेलिंगबरोबर सेन्सरचा ब्रॅकेट पुन्हा वेल्ड केला असेल, तर तो वर सरकला असण्याची दाट शक्यता आहे. ट्रान्समीटरमध्ये रिकाम्या फ्लूमचे अंतर जुनेच राहिले आणि सेन्सर १ सेंटिमीटर वर गेला, की पातळी कायम १ सेंटिमीटर कमी दिसणार. दुसरी शक्यता अशी की ब्रॅकेट आडवा सरकला आहे. उंची मोजायची जागा थ्रोटच्या तोंडापासून मागे, आकुंचन पावणाऱ्या भिंतीच्या लांबीच्या दोन-तृतीयांश अंतरावर असते. सेन्सर थ्रोटकडे सरकला, तर तेथे पाण्याचा पृष्ठभाग खाली झुकू लागलेला असतो आणि पातळी कमीच मिळते. दोन्ही अंतरे पहाटे, ऊन नसताना मोजावीत. सेन्सरखाली ठरावीक अंतरावर सपाट पत्रा धरून ट्रान्समीटर काय दाखवतो ते पाहिले की उंचीचा दोष तेथल्या तेथे पकडता येतो.

क्लॅम्प_ऑन
मी तरी म्हणेन की फ्लूम काढून कच्च्या पाण्याच्या पाईपवरच विद्युतचुंबकीय मीटर बसवावा. फ्लूम हे मागच्या शतकातले साधन आहे.

निवृत्त_उपअभियंता
मागच्या शतकातले आहे म्हणून टाकाऊ ठरत नाही. राल्फ पार्शल यांनी तो अमेरिकेतील कोलोरॅडोत पाटबंधाऱ्याच्या पाण्यासाठी तयार केला, तो गाळाच्या पाण्यातही चालावा म्हणूनच. त्यात फिरता भाग नाही, पावसाळ्यात गढूळ पाणी आले तरी तो गाळ पुढे ढकलतो, आणि फ्लूमनंतरच्या उसळीत तुरटी आयती मिसळली जाते, हा फायदा पाईपवरच्या मीटरमध्ये मिळत नाही. दोष २ सेंटिमीटरचा आहे, दुरुस्ती सावलीची आहे आणि आपण नवीन निविदा काढायला सांगता.

आयटीआय_विद्यार्थी
मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. नगरपरिषदेत वरिष्ठ तंत्रज्ञ होण्यासाठी किती वर्षे लागतात आणि कंत्राटी भरतीत भविष्य निर्वाह निधी मिळतो का?

इन्स्ट्रुमेंट_विदर्भ
विद्यार्थ्याने कृपया वेगळा धागा काढावा, तेथे सविस्तर उत्तर देईन.

छप्पर खरोखरच नाही. जुना पत्रा पंपघराच्या मागे भंगारात सापडला. तात्पुरती सावली बांधल्यावर दुपारी आवक १५४५ दाखवते. आता साहेब म्हणतात की जावक मीटर बरोबर असल्याचा पुरावा दाखवा.

चार_ते_वीस
संपवरून पुरावा मिळेल. फिल्टरकडून येणारे पाणी थोडा वेळ बंद करा, पंप चालू ठेवा आणि संपची पातळी किती उतरते ते टेपने मोजा. संपचे माप काय आहे?

इन्स्ट्रुमेंट_विदर्भ
नकाशावर आतून ३० मीटर बाय २६ मीटर.

चार_ते_वीस
म्हणजे ७८० चौरस मीटर. १५६० च्या हिशेबाने पंधरा मिनिटांत ३९० घनमीटर जावेत आणि पातळी ५० सेंटिमीटर उतरावी. त्याआधी संपमधील खांबांचे क्षेत्रफळ वजा करा. हे बहुतेक जण विसरतात आणि मग मीटरला दोष देतात. आत येणारे व्हॉल्व्ह गळत असतील, तर पातळी कमी उतरेल आणि मीटर जास्त दाखवतो असे वाटेल, म्हणून पंप थांबवून, व्हॉल्व्ह बंद ठेवून, पातळी स्थिर राहते का तेही आधी पाहा. हे सगळे पाणी सोडण्याच्या वेळा सांभाळून करावे लागेल.

इन्स्ट्रुमेंट_विदर्भ
रात्री चाचणी घेतली. खांब वजा जाता ७७२ चौरस मीटर धरले. व्हॉल्व्ह बंद असताना पातळी हलली नाही. पंधरा मिनिटांत ५०.२ सेंटिमीटर उतरली, म्हणजे तासाला १५५० घनमीटर, आणि त्या वेळी मीटर १५५८ दाखवत होता. फरक १ टक्क्याच्याही आत आहे.

पहाटे सेन्सरखाली पत्रा धरून पाहिले. सेन्सर फ्लूमच्या जमिनीपासून १.३१ मीटरवर आहे, ट्रान्समीटरमध्ये १.३० भरलेले आहे. जागा मागे-पुढे सरकलेली नाही. १.३१ भरल्यावर आवक १६०२ दाखवते.

मस्कतवासी
अभिनंदन. तात्पुरत्या सावलीच्या जागी पांढऱ्या रंगाचे छप्पर बसवा आणि ते सेन्सरला चिकटवू नका, मधून हवा खेळू द्या, नाहीतर पत्राच सेन्सरला तापवेल.

इन्स्ट्रुमेंट_विदर्भ
सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न. एप्रिलपासूनचे आवकीचे जुने आकडे स्काडात दुरुस्त करावेत का? साहेबांची तशी इच्छा आहे.

निवृत्त_उपअभियंता
जुन्या आकड्यांना हात लावू नये. लेखापरीक्षकाला दुरुस्त केलेला इतिहास दिसला, तर तो पुढच्या बरोबर आकड्यांवरही विश्वास ठेवणार नाही. कॅलिब्रेशनच्या नोंदवहीत रेलिंगचे काम कधी झाले, छप्पर कधीपासून नव्हते, सेन्सरची उंची आधी किती भरलेली होती आणि आता किती केली, सावलीआधीचे व नंतरचे दुपारचे आकडे, आणि संपच्या चाचणीचा संपूर्ण हिशेब लिहावा. त्याखाली आपली आणि उपअभियंत्यांची स्वाक्षरी घ्यावी आणि एक प्रत स्थापत्य विभागाला द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी ब्रॅकेटला हात लावण्याआधी ते आपल्याला बोलावतील. १.१० चा गुणक पीएलसीत आधीच कोणी टाकून ठेवलेला नाही ना, तेही एकदा उघडून पाहावे.

इन्स्ट्रुमेंट_विदर्भ
पीएलसी पाहिला, गुणक १.०० आहे. नोंद लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे.