मदत हवी आहे: हॉवर्थच्या आरोग्य मंडळाचे जुने दप्तर

यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावाबद्दल एक लेख लिहितोय. कादंबरीकार ब्राँटी भगिनींचं गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला रस आहे तो तिथल्या गटारांत! त्यांचे वडील, गावचे पाद्री पॅट्रिक ब्राँटी, यांनी स्वच्छ पाण्यासाठी लंडनच्या आरोग्य मंडळाकडे अर्ज केले. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार दहा टक्के करदात्यांनी मागणी केली तर सरकारी तपासनीस येई. १८५० मध्ये बेंजामिन बॅबेज आले (गणिती चार्ल्स बॅबेज यांचे चिरंजीव). त्यांच्या अहवालात मृत्यूचं सरासरी वय २५.८ वर्षं आहे आणि ४१.६ टक्के मुलं सहा वर्षांच्या आत दगावल्याची नोंद आहे. भुयारी गटारं नव्हतीच. शेणखताचे ढीग घरांना लागून.

पुढे गावात स्थानिक आरोग्य मंडळ आलं, पण पाणीपट्टीच्या धास्तीने काही मालमत्ताधारकांचा विरोध होता. मला नेमका हाच भाग हवाय. मंडळाची इतिवृत्तं, कर आकारणीच्या वह्या कुठे पाहता येतील? जवळच्या कीथली शहरात की ब्रॅडफर्डमध्ये? १९३८ मध्ये गाव कीथलीत विलीन झालं, तेव्हा दप्तर कुणाकडे गेलं असेल? ब्रिटनमधल्या अभिलेखागारांत काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. स्कॅन मागवता येतात का, हेही.