लोलक फिरला की हात?

कावेसरकर:
परवा ‘उपवनकाठी’ यांनी इथे लिहिलं की आपल्या सोसायटीच्या क्लबहाउसमधली चक्र-तपासणी (अंगातली ‘ऊर्जाकेंद्रं’ म्हणजे चक्रं, ती उघडी की बंद हे लोलकाने बघणं) म्हणजे ‘एमआरआयला दिसत नाही ते दाखवणारी तपासणी’, आणि शंका काढणाऱ्यांचं म्हणे भुवयांमधलं आज्ञाचक्रच बंद असतं. गप्प बसणार होतो, पण गोष्ट आज्ञाचक्रावर आली म्हणून लिहितोय.

मीही होतो तिथे, बायकोच्या आग्रहाखातर. सतरंजीवर उताणं झोपवलं. त्या बाईंनी साखळीला लावलेला गुलाबी खडा अंगापासून चार बोटं वर धरला. कण्याच्या तळाशी, मूलाधारावर गरगर फिरला, कागदावर ‘७०%’. गळ्याशी येऊन थांबला. “विशुद्ध बंद आहे. मनातलं बोलत नाही तुम्ही.” माझी बायको इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं.

म्हटलं, डोळ्यांवर रुमाल बांधून पुन्हा धरा बघू. तर “अविश्वासाने ऊर्जा अडते.” घरी येऊन दोऱ्याला अंगठी बांधली आणि मिक्सरवर धरली. फिरावी असं मनात आणलं की फिरते! मिक्सरचं मणिपूर, म्हणजे नाभीचं चक्र, एकदम मोकळं. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्येच हे लिहून ठेवलंय. डोळे झाकले की लोलक थंडावतो. बोटं हलतात, फक्त आपल्याला कळत नाही. १५०० रुपये दिले मी, तेवढ्यात दोन आठवड्यांची भाजी आली असती.

उपवनकाठी:
काका, हसून झालं असेल तर ऐका. आई गेल्यावर आठ महिने मला झोप नव्हती. डॉक्टरांनी चार मिनिटं दिली, तीही स्क्रीनकडे बघत. या ताई पन्नास मिनिटं माझ्यापाशी बसल्या. छातीशी, अनाहतावर खडा थांबला तेव्हा मी पहिल्यांदा मोकळी रडले. हात हलला की खडा, मला काय करायचंय? आणि ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काय खोटा?

जुनी_पोथी:
माऊलींना मध्ये आणलंत म्हणून बोलतो. सहाव्या अध्यायात कुंडलिनी आहे ती स्वतः आसन घालून बसणाऱ्या योग्याची. दुसऱ्या कुणी ती मोजून टक्के द्यायचे, हे तिथे कुठेही नाही.

आणि हल्ली चक्रांना लावतात ते इंद्रधनुष्याचे सात रंग! षट्चक्रनिरूपण हा चक्रांवरचा जुना संस्कृत ग्रंथ १५७७ चा. त्यात मणिपुराच्या दहा पाकळ्या भरलेल्या पावसाळी ढगाच्या रंगाच्या, पिवळ्या नव्हेत. अनाहत बंधूकाच्या फुलासारखं, म्हणजे आपली दुपारी, लालभडक. हिरवं कुठून आलं? पाश्चात्त्यांनी गेल्या शतकात रंगवलं आणि आपण परत विकत घेतोय. सहा चक्रांच्या पाकळ्या मोजा: ४, ६, १०, १२, १६, २. बेरीज पन्नास, संस्कृत वर्णमालेतल्या पन्नास अक्षरांइतकी. हे ध्यानाचं साधन आहे हो, मीटर नाही.

सी_विंगची_सून:
चक्रं राहू द्या बाजूला. त्या दिवशी क्लबहाउस दिलं कुणी? भोंडल्याला आम्हाला ‘गोंगाट होतो’ म्हणून नाही सांगितलं होतं. आणि इथे घंटा वाजवत दिवसभर एसी!

खजिनदार_म्हणतो:
२००० भाडं घेतलंय, पावती आहे. भोंडल्याच्या वेळी खिरापतीचं तेल फरशीवर सांडलं होतं, तेही आठवा.

सी_विंगची_सून:
तेल?? ते तुमच्याच घरच्या वाटल्या डाळीचं होतं! वहिनींना विचारा.

बसस्टॉपवर:
अरे तिकडे व्हिजिटर पार्किंगमध्ये तीन गाड्या उभ्या होत्या शिबिरवाल्यांच्या. माझ्या सासऱ्यांना घोडबंदर रोडला उतरून चालत यावं लागलं. मूलाधार कुणाचं बंद ते त्यांना विचारा.

खजिनदार_म्हणतो:
पार्किंगसाठी वेगळा धागा काढा. प्रत्येक गोष्टीत कमिटी!

(इथून पुढे बावीस प्रतिसाद पार्किंगचे. गाळून वाचा.)

आल्याचा_चहा:
मूळ मुद्द्यावर येऊ का? माझ्या डोंबिवलीच्या मावशीचं विशुद्ध असंच कुणी ‘उघडलं’. तिने थायरॉइडची गोळी स्वतःच सोडली. दोन महिन्यांत पाय सुजले, आवाज घोगरा, पायरी चढवेना. गोळी परत सुरू केल्यावर माणसात आली. गोळी सोड असं त्या बाई म्हणाल्या नव्हत्या. फक्त “आता गळा मोकळा आहे” म्हणाल्या. तेवढं पुरलं.

आणि ‘कुणी तपासलंच नाही’ म्हणू नका. एमिली रोझा या अमेरिकन मुलीचा शाळेतला प्रयोग १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मध्ये पडदा, हाताने माणसाची ऊर्जा जाणवते म्हणणारे उपचारक २१. मुलीचा हात आपल्या कुठल्या हाताजवळ आहे, एवढंच ओळखायचं. २८० वेळांत ४४ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी बरं.

उपवनकाठी:
मावशींचं वाचून वाईट वाटलं. गोळी सोडू नका हे ताईंनी मोठ्या अक्षरात लिहायला हवं, मी सांगते त्यांना. पण मला झोप लागते आता. ती पण नियतकालिकात छापून यायला हवी का?

कावेसरकर:
नको. पन्नास मिनिटं कुणी नीट ऐकून घेतलं, त्याचे १५०० कमीच झाले असं मी म्हणेन. माझी तक्रार फक्त खड्याशी आहे. आणि त्या सत्तर टक्क्यांशी. रुमालाची परीक्षा घ्यायची का एका रविवारी?

उपवनकाठी:
ताईंना विचारते. पट्टी मी बांधणार, तुम्ही नाही. क्लबहाउसचं भाडं तुमच्याकडे.

खजिनदार_म्हणतो:
डिपॉझिट वेगळं पडेल.

सी_विंगची_सून:
आणि भोंडल्याचं काय ठरलं?