एमएसडब्ल्यू: फीपेक्षा फील्डवर्कचा हिशेब धरा

एका ताईंनी विचारलंय, एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची) फी पुढं पगारातून निघेल का? फी निघते हो, पण फील्डवर्क धरा. दोन वर्षं संस्थेत नाहीतर वस्तीत जायचं, केएमटी (कोल्हापूरची शहर बस) आणि एसटीचं भाडं, शिबिरं, रात्री अहवाल लिहीत बसणं. पार्टटाइम नोकरी जमत नाही, खरा खड्डा तिथंच पडतो. महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा) अर्ज तेवढा चुकवू नका.

एनजीओत सुरुवातीला पगार बेताचाच, प्रकल्पाचा निधी संपला की नोकरीही संपली. पैसाच बघायचा तर कोल्हापूरजवळच्या शिरोली, कागलच्या एमआयडीसीकडं बघा. १९४८ च्या कारखाने कायद्यानं ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं होतं, आणि त्या जागेला एमएसडब्ल्यूवाले घेतात. मग स्पेशलायझेशन कामगार कायद्याचा पेपर असलेलंच घ्या, ताई.